ताप, फिकेपणा, काळेनिळे डाग: मुलाचं रक्त कधी तपासायचं?

बालवाडीत जायला लागलेलं मूल वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-तापाने पडतं आणि उठून पुन्हा खेळायला पळतं. पोटऱ्या दुखतात म्हणून रात्री पाय चेपून घेतं. गुडघ्या-नडग्यांवर खरचटल्याचे डाग तर बारा महिने असतात. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, याच तक्रारींच्या आडून येतो. त्याचं स्वतःचं असं एकही वेगळं लक्षण नाही. म्हणूनच सुरुवातीला तो घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि अनेकदा डॉक्टरांनाही चटकन सुचत नाही. आजार दुर्मीळ आहे. गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना साऱ्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण भेटतात.

तरीही मुलांना होणाऱ्या कर्करोगांत याचाच क्रमांक पहिला. त्यातला बहुतांश ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक’ प्रकारचा असतो. डॉक्टर त्याला ए.एल.एल. म्हणतात. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, पण दोन ते पाच वर्षांच्या मुलांत सर्वाधिक दिसतो. आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं: हा आजार बरा होतो. जिथे उपचारांची नीट सोय आहे अशा देशांत ए.एल.एल. झालेल्या दहापैकी आठाहून अधिक मुलं पूर्ण बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी पडतं. उशिरा झालेलं निदान, उपचारादरम्यान होणारे जंतुसंसर्ग आणि पैशाअभावी अर्धवट सुटलेले उपचार ही त्याची मोठी कारणं.

हा लेख आई-वडिलांसाठी आहे, तसाच आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका आणि वर्गशिक्षकांसाठीही. तुम्हाला निदान करायचं नाही. मुलाच्या रक्ताची साधी तपासणी कधी करून घ्यायची आणि तिच्या कागदावर काय बघायचं, एवढंच इथे शिकायचं आहे.

आधी हाडांच्या आत काय चालतं ते बघू

रक्त तयार होतं हाडांच्या पोकळीतल्या मगजात. त्याला अस्थिमज्जा किंवा बोनमॅरो म्हणतात. तिथे तीन प्रकारच्या पेशी बनतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स रक्तस्राव थांबवतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशींची एक कच्ची अवस्था, जिला ब्लास्ट म्हणतात, तिथेच अडकून बेसुमार वाढत जाते. ती लढण्याच्या कामाची नसते, मरतही नाही आणि चांगल्या पेशींना जागा उरू देत नाही.

एवढं ध्यानात राहिलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढुरकं पडतं, दमतं. चांगल्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप येतो आणि जात नाही. प्लेटलेट्स घटल्या की घोळणा फुटतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. मज्जेत दाटी झाली की हाडं ठणकतात. आणि या कच्च्या पेशी मज्जेबाहेर पडून यकृतात, प्लीहेत (जिला जुनी माणसं पाणथरी म्हणतात) आणि गाठींमध्ये साठल्या की पोट फुगतं, मानेत-काखेत गाठी लागतात.

‘अ‍ॅक्यूट’ या शब्दाचा अर्थ इथे वेगाचा आहे. हे सगळं काही आठवड्यांत घडतं. त्यामुळे ‘पुढच्या परीक्षेनंतर दाखवू’ किंवा ‘गावची जत्रा होऊन जाऊ दे’ असा हिशोब या आजारात चालत नाही.

पहिली पायरी: आंघोळीच्या वेळी, दिवसाच्या उजेडात

मुलाला नीट बघायची सगळ्यात चांगली वेळ आंघोळीची. कपडे निघालेले असतात आणि मूल तपासणी समजून बिथरत नाही. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात मात्र फिकेपणा कळत नाही, म्हणून खिडकीपाशी किंवा अंगणात बघा.

आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर चेहऱ्याचा फिकेपणा लपून जातो. शिवाय रोज बघणाऱ्याला तो कळत नाही. दिवाळीला आलेली मावशी दारातच म्हणते, ‘काय गं, पोर किती पांढरं पडलंय!’ तिचं बोलणं उडवून लावू नका. खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग बघा, जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा, तळहात तुमच्या किंवा भावंडाच्या तळहाताशेजारी धरा. लालसर गुलाबी रंग जाऊन तिथे कागदासारखा पांढरेपणा आला असेल, तर ती नोंद करण्याची गोष्ट आहे.

मग डाग. नडगी, गुडघा, कोपर, कपाळ इथले डाग धावपळीचे; त्यांची चिंता नको. पण पाठ, पोट, छाती, दंड, मांडीची आतली बाजू, कान किंवा गाल इथे काळानिळा डाग दिसला, आणि कुठे आपटल्याचं कुणालाच आठवत नसेल, तर थांबा आणि मोजा. डाग किती, केवढे, नवे येताहेत का? त्याबरोबर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके शोधा. ते बहुधा पावलांवर, घोट्यांभोवती, मोज्याच्या इलॅस्टिकच्या वर किंवा चड्डीच्या नाडीच्या रेषेत उठतात. त्यांवर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून बघायचा. घामोळं किंवा डास चावल्याची लाली दाबल्यावर फिकी होते. हे ठिपके तसेच राहतात, कारण ते कातडीखाली सांडलेलं रक्त असतं. सावळ्या मुलांत कातडीवर ते नीट दिसत नाहीत, तेव्हा तोंड उघडून टाळू आणि गालांची आतली बाजू जरूर बघा. हिरड्यांतून ब्रश न लावताही रक्त येतं का, हिरड्या सुजून दातांवर चढल्यात का, हेही त्याच वेळी. हिरड्यांची सूज ल्युकेमियाच्या दुसऱ्या, मायलॉइड प्रकारात जास्त दिसते.

घोळणा उन्हाळ्यात अनेक मुलांचा फुटतो आणि नाकात बोट घालणाऱ्यांचा तर नेहमीच. मुलाला बसवून, किंचित पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरला की तो थांबायला हवा. तो थांबत नसेल, किंवा घोळण्याच्या जोडीला डागही असतील, तर उन्हाळ्यावर ढकलू नका.

गाठींबद्दल लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि बहुतेक वेळा विनाकारण. किडका दात, सुजलेला घसा, डोक्यातल्या उवा किंवा फोड यांनी मानेत वाटाण्याएवढ्या गाठी येतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं. त्या गाठी दुखतात, बोटाखाली सरकतात, पंधरा-वीस दिवसांत उतरतात. काळजीची गाठ न दुखणारी असते, रबरासारखी घट्ट लागते, एक रुपयाच्या नाण्याहून मोठी असते किंवा आठवड्यागणिक वाढते. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागलेली गाठ मात्र कितीही लहान असली तरी दाखवायचीच.

पोट दाबून बघायच्या भानगडीत पडू नका. वाढलेली प्लीहा नाजूक असते. चड्डीचं इलॅस्टिक अचानक रुतायला लागलंय, दोन घास खाल्ल्यावर ‘पोट भरलं’ म्हणतंय, डाव्या बरगडीखाली दुखतंय म्हणतंय, एवढं पुरे आहे. मुलगा असेल तर एक जागा हमखास राहून जाते: वृषण. एका बाजूचा वृषण न दुखता मोठा किंवा कडक झालेला असू शकतो. मोठी मुलं लाजून सांगत नाहीत, तेव्हा वडिलांनी विचारावं.

दुसरी पायरी: ताप आणि पाय यांची चाल ओळखा

विषाणूचा ताप तीन-पाच दिवस राहतो, उतरतो, मूल भुकेलं होतं आणि पुन्हा घर डोक्यावर घेतं. ल्युकेमियातला ताप अशी चाल धरत नाही. अंगात कणकण राहते, मध्येच शंभरच्या वर जातो, अँटिबायोटिकचा कोर्स संपतो, दुसरा सुरू होतो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. महत्त्वाचं म्हणजे ताप नसलेल्या वेळातही मूल मलूल असतं. सोसायटीच्या मैदानातून लवकर परत येणं, जिना चढताना थांबणं, आवडीचं कार्टून चालू असताना झोपी जाणं या गोष्टी थर्मामीटरवर दिसत नाहीत. त्या तुम्हीच बघू शकता.

पायांच्या दुखण्यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण चुकामूक इथेच सर्वांत जास्त होते. वाढीचं दुखणं म्हणून जे असतं ते दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांमध्ये, संध्याकाळी किंवा रात्री होतं. चेपलं की बरं वाटतं. सकाळी त्याचा मागमूस नसतो आणि दिवसभर मूल उड्या मारतं. ल्युकेमियातलं दुखणं हाडात असतं. ते चेपल्याने कमी होत नाही, उलट काही मुलं हात लावू देत नाहीत. सकाळीही राहतं. मूल लंगडतं, पायऱ्या टाळतं. नुकतंच चालायला शिकलेलं बाळ चालणं सोडून पुन्हा रांगतं किंवा सारखं ‘कडेवर घे’ म्हणतं, आणि घरच्यांना वाटतं लाडावलंय. कधी गुडघा किंवा घोटा सुजतो आणि मुलाला संधिवाताचं लेबल लागतं. कधी पाठ दुखते. लहान मुलाची पाठ दुखणं ही मुळात नेहमीची गोष्ट नाही, हे मोठ्यांच्या पाठदुखीच्या जमान्यात आपण विसरतो.

काही मुलांत पाय दुखणं हे कित्येक आठवडे एकटंच लक्षण असतं. ताप नाही, डाग नाहीत, क्वचित सीबीसीही (रक्तातल्या पेशींची साधी मोजणी) बऱ्यापैकी. तिथे एकच कसोटी वापरता येते: रात्री झोपेतून उठवणारं, लंगडायला लावणारं आणि दोन आठवड्यांत न हटणारं दुखणं वाढीचं समजायचं नाही.

तिसरी पायरी: चार ओळींची वही

मोबाइलमध्ये किंवा कॅलेंडरच्या मागे रोज चार गोष्टी लिहा: सर्वांत जास्त ताप किती आणि किती वाजता, कोणतं औषध दिलं, मूल खेळलं का, नवीन डाग किंवा गाठ दिसली का. डागांचे फोटो शेजारी नाणं ठेवून काढा. दवाखान्यात ‘बरेच दिवसांपासून बारीक ताप आहे’ असं सांगणारे पालक आणि ‘१९ दिवसांत ११ दिवस शंभरच्या वर’ असं सांगणारे पालक यांना मिळणारं उत्तर वेगळं असतं. दर वेळी नवीन डॉक्टर गाठत असाल तर ही वही आणखीच गरजेची. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आजाराचे फक्त तीन दिवस असतात, सगळा महिना एकट्या तुमच्याकडे असतो.

चौथी पायरी: कधी थांबायचं आणि कधी निघायचं

एकटं लक्षण, दोन-चार दिवसांचं, आणि मूल एरवी हसतं-खेळतं: थांबा, बघा. दोन लक्षणं एकत्र आली, म्हणजे ताप आणि फिकेपणा, पाय दुखणं आणि काळेनिळे डाग, गाठी आणि थकवा, किंवा एकच लक्षण दोन आठवडे हटलं नाही, की एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे. माझ्या मते सगळ्या लेखातला हाच नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच दिवशी, रात्र असली तरी, जायच्या गोष्टी वेगळ्या. अंगभर दाबूनही फिके न होणारे लाल ठिपके आणि सोबत ताप (यामागे ल्युकेमिया नसला तरी रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो तासांत बिघडतो). न थांबणारा रक्तस्राव, काळी शी, उलटीतून रक्त. वारंवार उलट्या आणि सोबत तीव्र डोकेदुखी, आकडी, तोंड एका बाजूला जाणं, गुंगी. आणि श्वास: आडवं झोपलं की खोकला किंवा धाप, बसलं की बरं, सकाळी चेहरा आणि मान सुजलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या. छातीत मोठी गाठ झाली की असं होतं. मोठ्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, ल्युकेमियाचा एक प्रकार असाच सुरू होतो. अशा मुलाला जबरदस्तीने आडवं करू नका, बसवूनच न्या. १०८ ला फोन करताना धाप लागल्याचं आधी सांगा.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडे काय मागायचं

सीबीसी, आणि तिच्यासोबत पेरिफेरल स्मिअर. सीबीसीत यंत्र पेशी मोजतं. स्मिअरमध्ये रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, माणूस सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. दोन्ही स्वस्त आहेत, तालुक्याच्या ठिकाणीही होतात, सरकारी रुग्णालयात होतातच. ‘डॉक्टर, ताप तिसऱ्यांदा आलाय आणि मूल पांढरं पडलंय. स्मिअरसकट सीबीसी करून घेऊ का?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘कॅन्सर आहे का?’ या प्रश्नाने बोलणं अडतं, तपासणीच्या प्रश्नाने पुढे सरकतं.

आता या लेखातला सर्वांत कडक इशारा. तपासणी होईपर्यंत मुलाला स्टेरॉइड जाऊ देऊ नका. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं लक्षात ठेवा. सांधे सुजले, अंगावर चट्टे उठले, खोकला थांबेना, प्लेटलेट्स कमी आल्या अशा कारणांनी ती सर्रास दिली जातात, आणि औषधांच्या दुकानात मागितली तरी अनेकदा मिळतात. ए.एल.एल.च्या पेशी याच औषधांना विरघळतात. कर्करोगाच्या उपचारातही तीच मुख्य औषधांपैकी आहेत. त्यामुळे चार-पाच दिवसांच्या डोसाने ताप पळतो, गाठी उतरतात, मूल खेळायला लागतं. सगळ्यांना वाटतं गुण आला. पण आजार गेलेला नसतो, फक्त झाकला जातो. पुढे मज्जा तपासली तरी चित्र अर्धवट दिसतं आणि आजार कितपत जोखमीचा, हे ठरवण्याचा पायाच हलतो. सुरुवातीला पेशींचा भार खूप असेल तर त्या एकदम फुटून मूत्रपिंडांवरही ताण येतो.

दिलंच गेलं असेल तर घाबरून लपवू नका. औषधाचं नाव, डोस आणि दिवस पुढच्या डॉक्टरांना सांगा. कुणी वैदू किंवा ओळखीचा माणूस बिननावाच्या पुड्या देत असेल तर त्याही दाखवा, कारण त्यांत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुलाला मूत्रपिंडाच्या किंवा दुसऱ्या जुन्या आजारासाठी स्टेरॉइड नियमित चालू असेल, तर ते मात्र स्वतःहून बंद करू नका.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. डाग किंवा रक्तस्राव असताना तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि ‘एक सुई मारून टाका’ असा आग्रह धरू नका. प्लेटलेट्स कमी असतील तर कुल्ल्यात दिलेल्या इंजेक्शनच्या जागी मोठी गाठ धरते.

सहावी पायरी: रिपोर्ट हातात आला

रिपोर्टवर ठळक अक्षरात किंवा बाणाने दाखवलेले आकडे बघून धसका घेऊ नका. अनेक लॅब मोठ्यांच्या मर्यादा छापतात, आणि मुलांचे आकडे वयाप्रमाणे वेगळे असतात. पाच वर्षांखालच्या मुलांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नैसर्गिकरीत्याच जास्त असतात. तुम्ही तीन ओळी बघा: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, प्लेटलेट्स.

एकच ओळ बिघडली असेल तर साधी कारणं आधी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असणं आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की फिकं मूल दिसलं की लोहाचं सिरप लिहून दिलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या तीनपैकी दोन मुलांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा सिरप देणाऱ्या डॉक्टरांचं चूक नाही. पण लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट्स शाबूत असतात, अनेकदा जास्तच असतात, आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात. सिरप नियमित दिल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढायला हवं. वाढलं नाही, तर बाटली बदलू नका. तपासणी पुन्हा करा.

फक्त प्लेटलेट्स कमी, बाकी सगळं उत्तम आणि मूल टुणटुणीत, असं असेल तर बहुधा आय.टी.पी. नावाचा वेगळा, बहुतेक मुलांत आपोआप बरा होणारा आजार असतो. कधी नळीत रक्त गोठून प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि यंत्र खोटाच कमी आकडा देतं. स्मिअर बघणाऱ्याला दोन्ही कळतं.

काळजीचा क्षण येतो तो दोन किंवा तिन्ही ओळी एकदम बिघडल्यावर. हिमोग्लोबिन ७, प्लेटलेट्स ४०,००० असा जोड साध्या विषाणूने सहसा होत नाही. पांढऱ्या पेशी मात्र फसवतात. लोकांची समजूत अशी की ब्लड कॅन्सरमध्ये त्या लाखावर जातात. काही मुलांत जातातही, पण अनेकांत त्या नेहमीएवढ्या किंवा कमी असतात. त्यातही यंत्र ब्लास्ट पेशींना लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट समजून मोजू शकतं. ‘लिम्फोसाइट ९० टक्के’ असा रिपोर्ट येतो, ‘व्हायरल आहे’ म्हणून मूल घरी पाठवलं जातं, आणि म्हणूनच स्मिअरचा एवढा आग्रह. रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात ‘ब्लास्ट’, ‘अपरिपक्व पेशी’ किंवा ‘अ‍ॅटिपिकल पेशी’ असा शब्द दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एक गणित घरी करता येतं. पांढऱ्या पेशी २,००० आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा मुख्य प्रकार) १० टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल २००. हा आकडा ५०० च्या खाली असेल आणि ताप असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय.

पावसाळ्यात सगळा गोंधळ डेंग्यू करतो. जुलै ते नोव्हेंबर प्लेटलेट्स कमी म्हटलं की पपईच्या पानांचा रस सुरू होतो. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उतरतात, पण त्यात रक्त दाट होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरण्याऐवजी टिकतं किंवा चढतं. ताप आठवड्यात सरतो आणि प्लेटलेट्स साधारण दहा दिवसांत सावरतात. म्हणून ‘डेंग्यूतून उठलेल्या’ मुलाची सीबीसी दोन आठवड्यांनी एकदा पुन्हा करा. प्लेटलेट्स अजून खालीच असतील किंवा हिमोग्लोबिन घसरत असेल, तर डेंग्यूवर खापर फोडणं थांबवा. गडचिरोलीसारख्या भागात हीच जागा मलेरिया घेतो, आणि विदर्भ-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हाडं दुखणारं फिकं मूल आधी सिकल सेलचं (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) मानलं जातं. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण सिकल सेलची तपासणी झालेली नसताना ते गृहीत धरणं बरोबर नाही. क्षयरोगाचंही तसंच. मानेत गाठी, बारीक ताप, वजन कमी, एवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी एक सीबीसी-स्मिअर आणि छातीचा एक्स-रे व्हायलाच हवा.

सातवी पायरी: शंका खरी वाटली तर

जिल्ह्याच्या ठिकाणी निदानाचा हट्ट धरून आठवडा घालवू नका. मुलांच्या रक्तविकारांचे आणि कर्करोगाचे तज्ज्ञ जिथे आहेत तिथे चिठ्ठी घेऊन निघा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग तिथे आहे, पण प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही उपचार होतात, गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून सुरुवात करता येते. सोबत सगळे जुने रिपोर्ट, शक्य असेल तर स्मिअरच्या काचा, औषधांची यादी, आणि आधार व रेशन कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, पहिल्याच दिवशी त्याला भेटा. मुंबईत राहण्याचा प्रश्न असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य सोय करते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातून तिथे जाता येतं.

पक्कं निदान बोनमॅरोच्या तपासणीने होतं. कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून किंवा गुंगी देऊन, थोडी मज्जा ओढून घेतात. ती पुन्हा तयार होते. पाठीच्या कण्याशी या तपासणीचा संबंध नाही. कण्यातलं पाणी काढणं ही वेगळी तपासणी. आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचलाय का हे बघायला तीही करतात, आणि तीही मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली. ‘पाठीत सुई टोचली की पाय जातात’ हे ओसरीवरचं वैद्यक इथे सोडून द्या, कारण या भीतीपायी मुलं उपचारांविना घरी नेली जातात.

ए.एल.एल.चे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने जड, नंतरचा बराच काळ घरी राहून गोळ्या आणि नियमित तपासण्या. बरीच मुलं त्या काळात शाळेतही जातात. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी या काळात तुमच्या ओळखीची होईल. १९४८ मध्ये बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी ज्या औषधाने ल्युकेमिया झालेल्या मुलांत पहिल्यांदा तात्पुरती का होईना माघार घडवून दाखवली, ते याच गोळीचं जवळचं भावंड. ते ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथलं संशोधन आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बराव बघत होते.

आईला हमखास पडणारा प्रश्न: माझ्याकडून काय चुकलं? काही नाही. बहुसंख्य मुलांत ठरावीक कारण सापडत नाही. गरोदरपणातलं पथ्य, दृष्ट, मुलाने खाल्लेली बिस्किटं यांचा संबंध नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत धोका बराच जास्त असतो, तेव्हा त्यांच्या बाबतीत तपासणीचा उंबरठा खाली ठेवा. आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवू द्या, एका अंथरुणात झोपू द्या. भावंडांना लक्षणं नसतील तर त्यांची तपासणी करायची सहसा गरज नाही.

रिपोर्ट चांगला आला, तरी

हा लेख वाचून सीबीसी करणाऱ्या बहुतेकांचा रिपोर्ट चांगलाच येईल. तो फेकू नका. फाइलला लावा, पुढच्या वेळी तुलनेला लागतो. तक्रारी सरल्या तर विषय संपला. तक्रारी तशाच असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा स्मिअरसकट सीबीसी, आणि पाय दुखत असेल तर दुखऱ्या जागेचा एक्स-रे. सुरुवातीच्या काळात ब्लास्ट मज्जेतच असतात, रक्तात उतरलेले नसतात, त्यामुळे पहिली तपासणी निखळ निघू शकते. शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, म्हणजे दोन्ही कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून वाचता येतील.